अकरा सारखी उत्तरं

कोविलपट्टीच्या बाहेर, मदुरैला जाणाऱ्या रस्त्यालगतच्या माळावर एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथे वेण्णिला सोळा वर्षं सी प्लस प्लस ही संगणकाची भाषा शिकवत होती. एवढ्या वर्षांत तिला पुस्तकाची गरज उरली नव्हती. कुठल्या तासाला मुलं जांभया देणार आणि कुठल्या पानावर अडणार, हे तिला आधीच ठाऊक असायचं.

मुलं दरवर्षी अडायची ती 'बरोबर'च्या (=) चिन्हापाशी. एका वस्तूतलं सगळं दुसऱ्या वस्तूत घालायचं तर मध्ये हे चिन्ह टाकलं की झालं, असं त्यांना वाटायचं. पण वस्तूच्या पोटात कधी कधी नुसता पत्ता असतो आणि खरा माल दुसरीकडेच ठेवलेला असतो. अशा वेळी चिन्ह टाकलं, तर पत्ता तेवढा उतरवला जातो. मग दोघांकडे एकाच घराचा पत्ता, आणि एकाने घर मोडलं की दुसरा उघड्यावर. म्हणून अशा ठिकाणी त्या चिन्हाने काय काय करायचं, हे आपलं आपण लिहून द्यावं लागतं. परीक्षेत हा तेरा मार्कांचा प्रश्न हमखास यायचा, आणि त्याचं उत्तर कोदंडपाणी सरांच्या गाईडात एकशे बेचाळिसाव्या पानावर होतं. आधी तपासायचं, की वस्तू स्वतःलाच तर स्वतःत घालत नाहीये ना. नसेल तर जुनं पाडायचं, नवी जागा मिळवायची आणि तिथे माल उतरवायचा. पहिल्या तपासाचे चार मार्क, बाकीच्याचे नऊ. मुलं ते पान तोंडपाठ करत.

त्या वर्षी फेब्रुवारीत वेण्णिला हेच पान शिकवत असताना तिसऱ्या बाकावरच्या इसक्कियम्माळने हात वर केला. इसक्की अबोल मुलगी. तिची आई कडलैमिठाईच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या चिक्कीच्या, कारखान्यात दाणे निवडायला जायची. वर्गात प्रश्न विचारणाऱ्यातली ती नव्हे.

"मॅडम, जुनं पाडून टाकलं आणि नवं बांधायला जागाच मिळाली नाही, तर?"

वर्ग हसला. वेण्णिला मात्र हातातला खडू तसाच धरून उभी राहिली. सोळा वर्षांत हा प्रश्न तिला एकाही पोराने विचारला नव्हता. तिने स्वतःच तो कधीकाळी विचारला होता, आणि तिला उत्तर मिळालं होतं, "परीक्षेला येत नाही."

"तर जुनंही गेलं आणि नवंही नाही," ती म्हणाली. "वस्तू रस्त्यावर आली. म्हणून शहाणा माणूस काय करेल?"

"आधी नवं बांधेल," इसक्की म्हणाली.

मग वेण्णिलाने फळा पुसला आणि गाईड मिटून ठेवलं. एका नावाला तिने 'पळसु' म्हटलं, एकाला 'पुदुसु'. जुनं आणि नवं, घरी बोलतात तेच शब्द. आधी पुदुसु पूर्ण तयार करायचं. ते उभं राहिलं की पळसुची आणि त्याची अदलाबदल करायची. जुना माल पुदुसुकडे जातो आणि त्याच्याबरोबर आपोआप मोडीत निघतो. मध्येच काही बिघडलंच, तर पळसुला धक्का लागत नाही.

"आणि मॅडम, तो पहिला तपास? स्वतःलाच स्वतःत घातलं तर?"

"तूच सांग."

इसक्कीने फळ्याकडे बघत ओठ हलवले. "लागतच नाही तो. पाडण्याआधी आपल्याकडे पूर्ण नक्कल तयार असते."

त्या दिवशी वेण्णिला घरी गेली ती गुणगुणतच. नवऱ्याने विचारलं, "पगार वाढला का काय?"

*

मे महिन्यात पेपर तपासायला तिला तिरुनेलवेलीचं केंद्र मिळालं. एका कॉलेजच्या सभागृहात साठ टेबलं मांडलेली, वर पंखे गरम हवा ढवळत होते. सकाळी पंचवीस पेपरांचा गठ्ठा, दुपारी पंचवीस. अकरा वाजता चहा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला मेदूवडा. पेपरांवर ना मुलाचं नाव, ना कॉलेजचं, नुसता खोटा क्रमांक. आपल्या कॉलेजचे पेपर आपल्या केंद्रावर येत नाहीत, हा नियमच होता. पण मदुरैचं केंद्र त्या वर्षी मतमोजणीसाठी घेतलं, आणि तिथले गठ्ठे शेवटच्या दिवसांत तिरुनेलवेलीला वळवले.

विषयाचे प्रमुख होते कोदंडपाणी सर. तेच नमुना उत्तर काढणारे आणि तेच गाईड लिहिणारे. वेण्णिला त्यांची जुनी विद्यार्थिनी, आणि आता डॉक्टरेटसाठी त्यांच्याच हाताखाली. सहा वर्षं खपून प्रबंध सादर झाला होता आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तोंडी परीक्षा ठरली होती. सर तिला सभागृहात सगळ्यांदेखत 'अगं वेण्णिला' म्हणून हाक मारत, आणि तिला त्याचं बरं वाटायचं.

सहाव्या दिवशी शेजारच्या टेबलावरचे ज्ञानशेखरन मोठ्याने हसले. दिंडुक्कलचे ज्ञानशेखरन म्हणजे गप्पिष्ट माणूस. पेपर तपासता तपासता मुलांची उत्तरं सगळ्यांना वाचून दाखवायची त्यांना सवयच होती.

"मॅडम, इकडे बघा, जत्रेत हरवलेली भावंडं सापडली! एक, दोन, तीन... मोजतोय अजून. सगळ्यांनी एकच चूक केलीय, तीही शब्दाला शब्द. त्या स्वतःच्या तपासाचा पत्ताच नाही. आणि नावं काय दिलीत बघा, पळसु आणि पुदुसु! भांडीवालीच दारात आली म्हणायची!"

वेण्णिलाच्या हातातलं लाल पेन थांबलं. ती उठून बघायला गेली खरी, पण बघण्याची गरज नव्हती. तिसऱ्या पेपरातलं बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर तिच्या ओळखीचं होतं. खाली इसक्कीने दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या होत्या, ही पद्धत का जास्त सुरक्षित आहे त्याबद्दल.

"सर, चूक नाहीये ही," वेण्णिला म्हणाली. "उत्तर बरोबर आहे."

"अहो, नमुन्यात कुठे आहे?"

"नमुन्यात नाही, पण बरोबर आहे."

"मग जा बाई साहेबांकडे. मी रामेश्वरमला जाऊन आलो तरी ह्याला तेरा मार्क देणार नाही, माझी नोकरी आहे."

अकरा पेपर उचलून दोघं कोदंडपाणी सरांच्या टेबलाशी गेले. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वरचा पेपर डोळ्यांजवळ नेऊन वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. वेण्णिला त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. सरांचं बोट ओळीवरून सरकत गेलं, अदलाबदलीच्या ओळीशी थांबलं, परत मागे आलं. त्यांना कळलं होतं, हे तिला दिसलं.

"छान आहे," ते हळूच म्हणाले. मग चष्मा खाली घेतला. "पण किती पेपर झाले आपले?"

"साडेपाच हजार," ज्ञानशेखरन म्हणाले.

"त्यात असं आणखी कुणी लिहिलं असेल आणि आपण त्याला कापलं असेल. आज मी हे बरोबर धरलं, तर ते साडेपाच हजार परत काढावे लागतील. नुसते इथलेच नाहीत, सगळ्या केंद्रांवरचे. निकाल ऑगस्टात जाईल. उद्या पेपरवाले विचारतील, नमुना उत्तर कुणी काढलं?" त्यांनी पेपर गठ्ठ्यावर ठेवला. "आणि बरोबर-चूक सोडा. अकरा पोरांनी एकच पुस्तकाबाहेरचं उत्तर, त्याच नावांनी लिहिलं. ह्याला काय म्हणतात?"

"सर, गाईडमधलं लिहिणारी पोरंही शब्दाला शब्द सारखंच लिहितात. त्यांना आपण कॉपी म्हणत नाही."

"ते पुस्तकातलं आहे, अगं. पुस्तकातलं सारखंच असणार." सर हसले. हसण्यात राग नव्हता, म्हणून तिला पुढे बोलता येईना. "हे कुणीतरी बाहेरून पुरवलंय. नाहीतर तपासणाऱ्याला ओळख पटावी म्हणून ही नावं घातलीत. असली खूण म्हणजे सरळ गैरप्रकार. कुठल्या कॉलेजची आहेत देव जाणे, पण त्यांच्या मास्तराचा हात असणार ह्यात."

त्या क्षणी बोलायचं होतं. नियमही तेच सांगत होता: आपल्या मुलांचे पेपर ओळखू आले तर ताबडतोब कळवा आणि बाजूला व्हा. 'सर, तो मास्तर मीच,' एवढे चार शब्द. पण 'खूण' हा शब्द हवेत होता, आणि शेजारी ज्ञानशेखरन कान देऊन उभे होते. त्यांच्या तोंडी पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत दिंडुक्कलला पोचली असती. आणि तिला जूनचा तिसरा आठवडा दिसत होता. सहा वर्षं, पहाटे उठून लिहिलेली दोनशे दहा पानं, सासूबाईंचं 'अजून संपलं नाही का तुझं?' वेण्णिला गप्प राहिली.

सरांनी गैरप्रकार समितीसाठीचा फॉर्म काढला. 'खालील अकरा उत्तरपत्रिकांतील प्रश्न क्रमांक बाराचं उत्तर शब्दशः सारखं असून विहित पुस्तकात नाही.' खाली दोन परीक्षकांच्या सह्यांसाठी जागा. ज्ञानशेखरननी केली.

"तू पण कर," सर म्हणाले. "शेजारचं टेबल तुझंच."

तिने वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. तिने सही केली. मग ती जागेवर जाऊन उरलेले एकोणीस पेपर तपासत बसली, आणि ज्या ज्या मुलाने गाईडातलं पान उतरवलं होतं, त्याला तेरापैकी तेरा देत गेली.

*

तोंडी परीक्षा छान झाली. नवऱ्याने सगळ्या स्टाफला मैसूरपाक वाटला. डॉक्टर वेण्णिला अशी पाटी दारावर लागली, आणि पुढच्याच आठवड्यात निकाल लागला. तिच्या वर्गातल्या बासष्ट मुलांपैकी अकरा जणांचा निकाल राखून ठेवलेला.

प्रिन्सिपल तिरुवेंगडम यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. पत्र टेबलावर पडलं होतं.

"मॅडम, मला काही विचारायचं नाही आणि तुम्ही काही सांगू नका. पुढच्या महिन्यात मान्यतेची समिती येतेय. अकरा पोरं एका विषयात राहिली, तर कॉलेज बुडत नाही. मास्तरांनीच उत्तरं पुरवली असं कुणी म्हणालं, तर बुडतं. पोरं चौकशीला जातील, रडतील, एक पेपर परत देतील. विषय संपला."

बाहेर व्हरांड्यात अकराही जण उभे होते. इसक्कीच्या हातात वही होती. तिला चेन्नईच्या कंपनीचं पत्र आलं होतं. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला रुजू व्हायचं, पण सगळे विषय सुटलेले हवेत.

"मॅडम, ही बघा माझी वही. नऊ फेब्रुवारी, तारखेसकट लिहिलंय. तुम्ही शिकवलंत हे त्यांना नुसतं सांगितलं तरी पुरे. तुम्ही याल ना आमच्याबरोबर?"

"मॅडम येणारच, तू काय विचारतेस?" त्यांच्यातला मुरुगन म्हणाला. "त्यांनीच तर शिकवलंय."

वेण्णिला म्हणाली, "येईन." कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होती?

पण चौकशीची तारीख जुलैतून ऑगस्टात गेली आणि ऑगस्टातून सप्टेंबरात. समितीतले एक सदस्य परदेशी गेले होते. वेण्णिलाने विद्यापीठाला दोन अर्ज पाठवले. दोन्ही अर्जांत तिने लिहिलं, की उत्तर शास्त्रीय दृष्ट्या बरोबर आहे. पेपर ओळखले होते, हे तिने लिहिलं नाही. ऑगस्टच्या शेवटी चेन्नईच्या कंपनीने इसक्कीला कळवलं, की जागा भरली गेली आहे.

सप्टेंबरात चौकशी झाली. मुलांना एकेक करून आत बोलावलं. समितीवर तिघं होते, अध्यक्ष रसायनशास्त्राचे. इसक्कीने त्यांना फळ्यावर सगळं लिहून दाखवलं, नावं बदलून दाखवलं, नक्कल मध्येच फसली तर काय होतं तेही दाखवलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"काय झालं गं?" मुलांनी विचारलं.

"त्यांनी रिपोर्ट दाखवला. खाली मॅडमची सही आहे."

सगळे वेण्णिलाकडे बघायला लागले. तेवढ्यात शिपायाने तिचंच नाव पुकारलं, आणि ती आत गेली.

आत तिने सगळं सांगितलं. शिकवलं ते, पेपर ओळखले ते, गप्प राहिले ते, सही केली ते. बोलायला लागल्यावर ते फार सोपं वाटलं. मे महिन्यात ते इतकं अवघड का होतं, हेच तिला कळेना. अध्यक्षांनी लिहून घेतलं. मग मान वर करून विचारलं, "हे तुम्ही त्याच दिवशी सांगितलं असतंत, तर ही अकरा मुलं इथे आली असती का?"

"नाही, सर."

"ठीक आहे. जा तुम्ही."

नोव्हेंबरात निर्णय आला. कॉपी सिद्ध होत नाही, निकाल सोडण्यात यावा; मात्र त्या प्रश्नाचे मार्क नमुन्याप्रमाणेच द्यावेत. अकराही जण पास झाले. इसक्कीला एकोणऐंशी पडले. वेण्णिलाला तीन वर्षं पेपर तपासायला बंदी आली, तीही गोपनीय पत्राने. बाहेर कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

कोदंडपाणी सरांचा फोन आला. "अगं, मला आधी बोलायचंस ना. तुझी पोरं आहेत हे कळतं, तर मी तो फॉर्म काढलाच नसता. उत्तराचे दोन-चार मार्क कापले असते आणि विषय मिटवला असता." खरं बोलत होते की आता सुचलं होतं, कोण जाणे. डिसेंबरात त्यांच्या गाईडची नवी आवृत्ती आली. एकशे बेचाळिसाव्या पानावर आता 'दुसरी पद्धत' म्हणून एक परिच्छेद होता. आधी नवं करा, मग अदलाबदल करा. तो कुणाकडून आला, हे लिहिलं नव्हतं.

*

मार्कशीट न्यायला इसक्की जानेवारीत कॉलेजात आली. वेण्णिला स्टाफरूममध्ये एकटीच होती. इसक्कीने टेबलावर कडलैमिठाईचा डबा ठेवला.

"आईने दिलाय. म्हणाली, मॅडम आत जाऊन बोलल्या म्हणून सुटलात, मोकळ्या हाताने जाऊ नकोस."

"बस ना. काय करतेस सध्या?"

"बसस्टँडजवळ सेवा केंद्र आहे, तिथे बसते. लोकांचे रेशनकार्डाचे फॉर्म भरून देते." ती हसली. "चेन्नईवाल्यांना पुन्हा मेल केला होता. ते म्हणाले, पुढच्या वर्षीच्या मुलांतून घेऊ."

"मी आपल्या लॅबसाठी तुझं नाव सुचवते. प्रिन्सिपलशी बोलते."

"बघा." इसक्की उठायला निघाली आणि दारात थांबली. "मॅडम, एक विचारू? ती सही. मी सगळ्यांना सांगितलं, की तिथे गठ्ठ्याने कागद समोर टाकतात, मॅडमने न वाचताच केली असणार. मुरुगन म्हणत होता, तसं नसेल. आमचं त्यावरून भांडणही झालं." ती थांबली. "न वाचताच केली होती ना?"

बाहेर मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. वेण्णिलाला वाटलं, आता 'हो' म्हणावं. एवढाच एक शब्द. ह्या पोरीलाही तोच हवा होता. त्यासाठीच तर ती स्टाफरूमपर्यंत आली होती.

"वाचली होती," वेण्णिला म्हणाली. "दोनदा."

"पेपर आमचे आहेत हे..."

"माहीत होतं. तुझं अक्षर ओळखलं होतं मी."

इसक्कीने खांद्यावरची पिशवी काढून हातात घेतली. मग परत टेबलापाशी आली. वेण्णिलाला वाटलं, आता ओरडेल, रडेल, निदान 'का?' म्हणून विचारेल. विचारलं असतं, तर सांगता आलं असतं: जून महिना, दोनशे दहा पानं. पण इसक्कीने नुसता डबा उचलला आणि पिशवीत ठेवला.

"आईला सांगते, मॅडम भेटल्या नाहीत," ती म्हणाली आणि व्हरांड्यातून निघून गेली.

वेण्णिलाचा तास सुरू झाला होता. ती हजेरीपट आणि खडू घेऊन वर्गावर गेली.